सहा गॅलन आणि विसण

ती. काकांना सा. न.

परवा अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून परतलो. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं आमचं चाकांवरचं घर, अजून दारातच उभा आहे, धुण्याचा ढीग पडलाय, पण आधी हे पत्र. तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही “अहो, त्यात काय एवढं” म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. आपल्यापैकी आणखी कुणी ट्रेलर घेतला असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

एप्रिलमध्ये हिवाळ्यात नळ्या गोठू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटीफ्रीझ धुऊन काढलं, गीझरचे व्हॉल्व्ह उघडले आणि ट्रेलरच्या बाजूने पाण्याची धार लागली. गीझरची टाकी गेली होती. जूनमध्ये आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याहून यायच्या होत्या, यलोस्टोनमधल्या मॅडिसन कॅम्पग्राउंडचं बुकिंग झालेलं. दुकानात गेलो, “माणसं पाच” म्हटल्याबरोबर समोरच्याने दहा गॅलनचा दाखवला. त्याहून चांगला हवा तर बिनटाकीचा, वाहतं पाणीच तापवणारा, म्हणाला, गरम पाणी कधी संपणारच नाही. आमचा जुना होता सहा गॅलनचा, म्हणजे 23 लिटर. पाच माणसांना दीड बादली पाणी! मला दुकानदाराचंच पटलं होतं. पैसे भरणार, तेवढ्यात ह्यांनी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही म्हणालात, “आज काही घेऊ नका. संध्याकाळी येतो.”

तुम्ही आलात ते बादली घेऊन. आणि पहिला प्रश्न विचारलात तो माणसं किती हा नव्हेच. “तिथे सांडपाण्याची जोडणी आहे का?”

नव्हती. मॅडिसनला पाणी, वीज, सांडपाणी यांतली कसलीच जोडणी मिळत नाही. सगळ्या यलोस्टोनमध्ये तशी पूर्ण सोय फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला (असे ट्रेलर उभे करायच्या जागेला) आहे आणि तिथे आम्हाला जागा मिळाली नव्हती. “मग दहाचा घ्या नाही तर वीसचा,” तुम्ही म्हणालात, “वापरलेलं पाणी ठेवणार कुठे?” आमची सांडपाण्याची टाकी 30 गॅलनची, म्हणजे सुमारे 113 लिटर. चांगल्या पाण्याची 40 गॅलन. दोन वर्षं ट्रेलर वापरतोय, पण हे दोन आकडे गीझरच्या आकड्याशेजारी मांडून पाहायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग शॉवर बादलीत धरून घड्याळ लावलंत. मिनिटाला साडेसात लिटर. आमच्या थोरलीची दहा मिनिटांची अंघोळ म्हणजे 75 लिटर. दोघी बहिणींनी अशी अंघोळ केली की सांडपाण्याची टाकी भरून वर पाणी उरतं. गीझर कितीही मोठा असो, त्याने यात काही फरक पडत नाही. उलट न संपणारं गरम पाणी असेल तर टाकी आणखी लवकर भरते, एवढंच.

पण मला पुरतं समजलं ते तुम्ही “विसण” शब्द वापरलात तेव्हा. किती वर्षांनी ऐकला! आजीच्या घरी बंबाचं कढत पाणी घंगाळात घ्यायचं आणि वरून विसण, म्हणजे ते सोसवेल इतपत गार पाणी, घालायचं. तुम्ही पाकिटाच्या मागे हिशेब मांडलात: गीझरचं पाणी साधारण 60 अंश, डोंगरातलं नळाचं पाणी 10 अंश, अंगावर घ्यायचं 40 अंशाचं. म्हणजे तीन भाग गरम आणि दोन भाग विसण. टाकीतल्या 23 लिटरचं अंघोळीचं पाणी होतं 38 लिटर. “गरम पाणी बाहेर पडतं तसं मागून गार आत शिरतं, म्हणून तीसच धरा. पंधरा लिटरच्या दोन बादल्या झाल्या. गॅसवर अर्ध्या तासात टाकी पुन्हा तापते, मग आणखी दोन.” दुकानात सगळे टाकीत किती मावतं तेच सांगत होते. बर्नर 12,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) आहे, तो टाकी किती वेळात पुन्हा तापवतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि घाई कुणाला होती? आम्ही सुट्टीवर होतो.

बिनटाकीचा तुम्ही वाईट ठरवला नाहीत, हेही मला आवडलं. 42,000 बीटीयूचा असेल तर मिनिटाला एक गॅलन पाणी तो 35-37 अंशांनी वाढवेल, म्हणजे अंघोळीला पुरे, असं सांगितलंत. पण पाणी वाचवायला साबण लावताना शॉवर बंद करायचा म्हटला, की बर्नर विझणार, पुन्हा सोडला की आधी गार पाण्याचा झोत अंगावर येणार, आणि गरम येईपर्यंतचं पाणी थेट त्याच 113 लिटरच्या टाकीत जाणार. आमच्या राहण्याच्या पद्धतीला तो जमणारा नव्हता. तुम्ही असंही म्हणालात की नेहमी पूर्ण जोडणीच्या जागीच उतरणार असाल आणि पाचही जणांना पाठोपाठ शॉवर हवा असेल, तर मीच दहाचा घ्या म्हणेन. फक्त त्यासाठी ट्रेलरच्या भिंतीतलं भोक पावणेतेरा इंचांवरून सव्वासोळापर्यंत कापावं लागेल.

आम्ही सहाच गॅलनचा घेतला, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा. वीज मिळाली तर 1,440 वॅटच्या कॉइलने तासाभरात तापतो, गॅस वाचतो. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना मात्र ती कॉइल लावायची नाही, कारण ट्रेलरच्या 30 अँपियरच्या जोडणीला 120 व्होल्टवर 3,600 वॅटच मिळतात. आणि टाकीत पाणी भरून नळाला अखंड धार आल्याखेरीज कॉइलचं बटण दाबायचं नाही, कोरडी कॉइल क्षणात जळते. हे तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत.

जुना गीझर काढताना तुम्ही तो मोठा पाना लावून खालचा बूच फिरवला आणि सळी बाहेर आली. सळी कसली, नुसती तार राहिली होती, तिच्यावर पांढरट भुगा. तुम्ही ती तळहातावर घेऊन धाकटीला जवळ बोलावलंत. “ही मॅग्नेशियमची असते. टाकी स्टीलची. पाणी काहीतरी खाणारच, म्हणून ही पुढे होते, स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. ही संपली की मग पाणी टाकी खातं.” दरवर्षी बघायची, पाऊण झिजली की बदलायची. जुन्या मालकाने आम्हाला हे सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. ती तार धाकटीने जपून ठेवली आहे.

मॅडिसन 6,800 फुटांवर. पहाटे टेबलावर दंव होतं. मी साडेसहाला गीझरचं बटण लावलं, बर्नरचा भुर्रर्र आवाज आला, सातला आईंची अंघोळ. बादली, तांब्या, पंधरा लिटर. ट्रेलरच्या शॉवरमध्ये त्यांना नीट उभंही राहता येत नाही, पण स्टुलावर बसून त्यांनी मोठ्याने स्तोत्र म्हणत अंघोळ केली. बाहेर आल्या तेव्हा चष्म्यावर वाफ होती. “कढत मिळालं गं पाणी,” म्हणाल्या. काका, त्यांच्या तोंडून हे ऐकण्यासाठीच मी एप्रिलपासून घोर लावून घेतला होता. परक्या देशात, जंगलात, सासूला गार पाण्याने अंघोळ करावी लागली असती, तर मला घास गोड लागला नसता.

एक दिवस तिघांची अंघोळ, दुसऱ्या दिवशी दोघांची, भांडी एकदाच. तीन रात्रींत सांडपाण्याची टाकी रिकामी करायला डंप स्टेशनला मधे एकदा आणि निघताना एकदा गेलो. गरम पाणी एकदाही कमी पडलं नाही. ओल्ड फेथफुल हा तिथला गरम पाण्याचा उसळता झरा (इंग्रजीत गीझर) उडताना आई म्हणाल्या, “हा खरा गीझर,” आणि लगेच पुढे, “पण तुझ्या त्या काकांना सांग, आपलाही उत्तम चालला.” तेवढा निरोप पोचवते.

त्या संध्याकाळी तुम्ही पाच तास उकिडवे बसून काम केलंत, गुडघे धरून उठलात आणि पैशांचं नावही काढू दिलं नाहीत. आईंनी तुमच्यासाठी कंदी पेढे आणलेत, ते बाजूला काढून ठेवले आहेत.

गीझरच्या झाकणाच्या आत तुम्ही पट्टी चिकटवून नव्या सळीची तारीख लिहून ठेवलीत, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये ती बघायची. तुमचा एक-एक-सोळांश इंची पाना अजून आमच्याकडेच आहे. पेढे न्यायला याल तेव्हा तो परत देते, पण एप्रिलमध्ये तो घेऊन या. बूच या वेळी धाकटीला फिरवायचा आहे.

तुमची,
पलीकडच्या रस्त्यावरची ट्रेलरवाली