चिऊची दहावी आणि तुमचा रोजचा फोन

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही, चिऊ आसपासच असते आणि आपलं बोलणं कान देऊन ऐकते, म्हणून लिहितीये. तुम्ही जानेवारीत इकडे येताय, परीक्षा होईपर्यंत राहताय, त्याचा आम्हाला केवढा आधार वाटतोय काय सांगू. पण यायच्या आधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालायच्यात.

दहावीचं टेन्शन म्हणजे फेब्रुवारी-मार्चचं टेन्शन असं आपण धरून चालतो ना, तसं ते नाहीये. जूनमध्ये शाळा सुरू होते न होते तोच क्लासचं टाइमटेबल हातात येतं, मग घटक चाचणी, मग सहामाही, दिवाळीच्या सुट्टीत पण क्लासची जादा लेक्चर्स, जानेवारीत प्रिलिम आणि त्याला लागूनच प्रॅक्टिकल्स. मधे पोरांना दम खायला जागाच नसते. त्यामुळे शेवटच्या महिन्यात बदाम-अक्रोड खायला घालून आणि घरातला टीव्ही बंद ठेवून काही होत नाही, काळजी घ्यायची तर ती वर्षभर, रोजची रोज घ्यावी लागते असं आमचं दोघांचं पक्कं मत झालंय.

ऑगस्टपासून तिचं पोट दुखायला लागलं ते तुम्हाला माहितीये. पण एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती, ते फक्त टेस्टच्या दिवशी सकाळीच दुखतं. त्या दिवशी डबा जसाच्या तसा परत येतो, पोळीची घडी पण मोडलेली नसते, भाजीचं तेल वर येऊन थिजलेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले पोटात काही नाहीये, टेन्शन आहे. आई, तू म्हणालीस की शाळा बुडवायची नाटकं असतात ही. नाटक नाहीये गं. भीती वाटली की शरीर आपोआप पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, रक्त हातापायांकडे जातं आणि पचन मागे पडतं, म्हणून खरंच कळ येते, घास खरंच उतरत नाही. टेस्टच्या दिवशी आम्ही आता तिला सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट एवढंच देतो, आणि बूट घालायच्या आधी ती दोन मिनिटं खुर्चीत बसून सावकाश श्वास घेते आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यामुळे धडधड कमी होते. हे तिला परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावर बसून पण करता येईल आणि शेजारच्याला कळणार पण नाही.

बाबा, आता तुमचा मुद्दा, पहाटे चारला उठायचा. तुम्ही आयुष्यभर पहाटे उठलात, तुमचे विद्यार्थी उठले आणि त्यांचं भलं झालं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण तेव्हा गावात साडेआठला निजानीज व्हायची हो. चिऊचा क्लास आठला सुटतो, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून घरी येईपर्यंत पावणेनऊ, मग जेवण, होमवर्क, झोपायला साडेदहा होतात. त्यातून चारला उठवलं तर झोप झाली साडेपाच तास. या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय, आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, लवकर आडवं झालं तरी लवकर झोप येत नाही, हा आळशीपणा नाहीये. शिवाय दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायचं काम बरंचसं झोपेतच होतं, म्हणजे झोप तोडून केलेला अभ्यास अर्धा वायाच जातो. म्हणून आमच्याकडे साडेदहाला दिवा बंद, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, आणि उठायचं साडेसहाला. आणि आई, रात्री अभ्यासाला बसली की तिला लाडाने चहा करून देऊ नकोस, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद केलीये, दूध दे हवं तर.

रोजच्या फोनवर पहिला प्रश्न असतो, किती मार्क पडले? प्रेमाने विचारता हे तिलाही कळतं, पण हल्ली तुमचा नंबर दिसला की तिचा चेहरा उतरतो, आणि ते बघून माझ्या पोटात तुटतं, कारण लहानपणी ती तुमच्या फोनची वाट बघत बसायची. बाबा, तुमच्याकडे मार्कांपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. तुम्ही वर्गात पोरांना फळ्यापाशी उभं करून प्रमेय त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचात ना, तेच करा. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय तिला फोनवर समजावून सांगायला लावा, अडली तर थांबा, लगेच सांगू नका. पुस्तक मिटून आठवायला लागलं की नुसतं वाचण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं, हे मानसशास्त्रात पुन्हापुन्हा तपासून झालंय, आणि तुम्ही ते कुणी न सांगता तीस वर्षं करत होतात!

शाळेच्या ढोल पथकात ती यंदाही होती, त्यावरून तुम्ही दोघंही नाराज होतात. मला आजही वाटतं की जाऊ दिलं ते बरं झालं. प्रॅक्टिसवरून यायची ती घामाघूम, हाताला फोड आलेले, भूक लागलेली, आणि गाढ झोपायची. मुलांना रोज ६० मिनिटं तरी अंगमेहनत हवी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दहावीला त्यातून सूट दिलेली नाहीये. आता पथक संपलं म्हणून रविवारी सकाळी तुमचे जावई तिला वेताळ टेकडीवर नेतात, मोर दिसला की घरी येऊन तासभर तेच पुराण. तुम्ही आलात की तेही बंद करायचं नाहीये, बाबा तुम्ही पण चला, जमेल तेवढं.

आई, मावशीच्या नातवाचे ९४ टक्के तिच्यासमोर काढू नकोस एवढं कर. आणि नापास म्हणजे वर्ष गेलं असं पण आता राहिलेलं नाही. पास व्हायला ३५ लागतात, टक्केवारी चांगल्या पाच विषयांवर धरतात, एखाददुसरा विषय राहिला तर एटीकेटी घेऊन अकरावीला जाता येतं, त्याच वर्षी पुरवणी परीक्षा पण असते. पेपर लिहून संपवायला २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जास्त देतात. चिऊ काही नापास होणार नाहीये, पण खाली जाळी आहे हे माहीत असलं की माणूस मोकळेपणाने चालतो.

एक शेवटचं, हे मात्र दोघांनी नीट वाचा. ती दोनेक आठवडे सलग जेवत-झोपत नसेल, मैत्रिणींशी बोलणं तोडलं असेल, किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलली, सहज बोलल्यासारखं बोलली तरी, तिला रागवू नका, हसण्यावारी नेऊ नका, शेजारी बसा आणि मला तेव्हाच सांगा. मी ऑफिसात असले तरी. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. नंबर फ्रिजवर लावलाय. तिला पण सांगितलंय की आमच्याशी बोलावंसं वाटलं नाही तर तिथे बोल, आम्हाला राग येणार नाही.

प्रिलिमच्या आधी आठवडाभर तरी या, म्हणजे तिला तुमची सवय होईल. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम घेऊन ठेवा. स्वारगेटला उतरलात की फोन करा, हे घ्यायला येतील, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत बसू नका.

तुमची,
मनू