वॉर्ड आणि ओपीडी यांच्या मधली रिकामी जागा

संपादक महोदय,
स. न.

माझ्या धाकट्या भावाला गेली अनेक वर्षे स्किझोफ्रेनिया आहे. त्याला तीनदा रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दर वेळी दाखल करण्यापेक्षा घरी आणल्यानंतरचे पहिले दोन महिने आम्हाला जड गेले. वॉर्डात चोवीस तास परिचारिका आणि ठरलेल्या वेळी गोळ्या. सुटी झाली की एकदम महिन्यातून एकदा ओपीडी, तीही दहा मिनिटांची. दुसऱ्या खेपेनंतर तिसऱ्याच आठवड्यात तो गोळी गालात धरून नंतर थुंकून टाकू लागला आणि आमच्या ते लक्षात येईपर्यंत पुन्हा रात्ररात्र जागू लागला होता.

तिसऱ्या खेपेनंतर मात्र डॉक्टरांनी त्याला तीन महिने ‘डे हॉस्पिटल’मध्ये बोलावले. सकाळी साडेनऊला जायचे, परिचारिकेसमोर गोळी घ्यायची, गटचर्चा, हातकाम, इतर शुभार्थींबरोबर (म्हणजे मानसिक आजार असलेल्यांबरोबर) दुपारचे जेवण, आणि पाच वाजता घरी. आठवड्यातून एकदा आम्हा शुभंकरांचीही, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांचीही, बैठक असे. औषधाने त्याचा हात थरथरतो आहे हे तिथे तिसऱ्या दिवशी हेरले गेले आणि मात्रा बदलली. ओपीडीत ते कळायला महिना गेला असता, आणि तोवर त्याने औषधच सोडले असते.

ही कल्पना नवी नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे १९४६ मध्ये असे दिवसाचे रुग्णालय सुरू झाले होते. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने या विषयावरील चाचण्या एकत्र तपासून केलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा की, आजार तीव्र असतानाही दाखल होणाऱ्यांपैकी निदान पाचातल्या एकाला अशा ठिकाणी वॉर्डाइतकेच परिणामकारक उपचार देता येतात. अर्थात ज्याला आत्महत्येचा तातडीचा धोका आहे किंवा ज्याच्याकडे संध्याकाळी लक्ष द्यायला घरी कोणीच नाही, त्याला वॉर्डच हवा. वॉर्ड बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये बाह्यरुग्ण व आंतररुग्ण सेवांबरोबरच हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा), घरच्या घरी पुनर्वसन आणि रुग्णालयातील व समाजातील पुनर्वसन केंद्रे यांचीही जबाबदारी सरकारवर टाकली आहे. याच कायद्याचे कलम २१ सांगते की, शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. तरीही आम्हाला तीन महिन्यांचा सगळा खर्च खिशातून करावा लागला, कारण विमा पॉलिसीतील ‘डे केअर’च्या व्याख्येत भूल देऊन चोवीस तासांच्या आत होणारे उपचार बसतात, आणि रोज सात तास चालणारा मानसोपचार ‘बाह्यरुग्ण’ ठरून बाहेर पडतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी जाणाऱ्याला जे मिळते, ते माझ्या भावाला का मिळू नये? ही व्याख्या शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने तिच्यात मनोरुग्णांच्या दिवसभराच्या उपचारांचा स्पष्ट उल्लेख करावा.

राज्य सरकारकडे माझी मागणी याहून साधी आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतून सुटी मिळणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पहिले काही आठवडे आपल्याच जिल्हा रुग्णालयात दिवसाचे उपचार मिळावेत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन मोकळ्या खोल्या, एक परिचारिका, एक समाजसेवक, एक व्यवसायोपचारतज्ज्ञ (हातकाम आणि रोजची कामे करवून घेत रुग्णाला सावरणारा), रोज ठरलेले काही तास मानसोपचारतज्ज्ञ आणि दुपारचे जेवण एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मात्र येण्याजाण्याचे बसभाडे सरकारनेच द्यावे, कारण रुग्णाला रोज पोहोचवायचे म्हणून ज्या घरात एकाची मजुरी बुडते, ते घर चौथ्या दिवशी त्याला पाठवणे थांबवते.

आपली,
एक शुभंकर, पुणे