सुटे भाग कधी घ्यायचे? चि. बाळास पत्र

इंदूर, जानेवारी २०२६

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. शिकवणीचे बारा हजार साठलेत, कॉम्प्युटर सारखा अडकतोय, तर ग्राफिक कार्ड घेऊ, रॅम घेऊ की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू, असं विचारलंस. फोनवर हे अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इतकी वर्षं डीटीपीचं दुकान चालवून माझं एक मत पक्कं झालंय. कुठलाही सुटा भाग घ्यायचा तो त्यानं पहिली कुरकुर केल्यापासून बंद पडेपर्यंतच्या मधल्या काळात. आधी घेतला तर पैसे उगाच अडकतात. बंद पडल्यावर घेतला तर अडला हरी अशी गत होते. ऐन लग्नसराईत पत्रिकेच्या कामाचं मशीन बसलं आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं असलं, की दुकानदार सांगेल तो भाव आणि त्याच्याकडे असेल तो माल घ्यावा लागतो. तुझं सबमिशन म्हणजे तुझी लग्नसराईच. त्या आठवड्यात कॅबिनेट उघडूही नकोस.

भावाकडे बघून थांबायचं म्हणतोस, पण भाव आपल्या हातात नसतो. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांतसुद्धा डिस्कचे भाव दुप्पट झाले. ते खाली यायला बराच काळ गेला. ज्यांची डिस्क नेमकी तेव्हा गेली, त्यांनी मुकाट्यानं पैसे मोजले. आता तीच पाळी रॅमवर आली आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात आणि त्यांचा ओढा सध्या एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. मायक्रॉननं तर डिसेंबरात आपला क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गेल्या काही महिन्यांत रॅमचा भाव दुपटीच्या वर गेलाय आणि एसएसडीही, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्कही, चढायला लागलीय. हे दिवाळीपर्यंत उतरेल असं मला वाटत नाही. सेलची वाट मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट यांच्यासाठी बघावी. कुरकुरणाऱ्या डिस्कसाठी नाही.

आणि तुझी डिस्क कुरकुरतेय. मोठी फाइल उघडताना आतून टक्-टक् आवाज येतो आणि माऊस क्षणभर जागीच थिजतो, असं तूच लिहिलंस. आज रात्रीच क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालव. वर निळा चौकोन दिसला तर थोडी सवड आहे, पिवळा दिसला तर नाही. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघ. पहिलीत खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, असतात, दुसरीत बदलायच्या वाटेवरचे. ‘रॉ’च्या रकान्यात शून्याऐवजी दुसरं काही असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर सगळं सोडून आधी ड्रॉइंग्ज आणि फोटो दुसरीकडे कॉपी कर. डिस्क नवी मिळते रे, आजीचा आवाज असलेली ती व्हिडिओ क्लिप पुन्हा मिळायची नाही. ती माझ्याकडेही पाठवून ठेव.

तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा. ५०० जीबीची साधी साटा, म्हणजे जुन्या डिस्कच्याच प्रकारच्या केबलला लागणारी, पुरेल. विंडोज त्यावर टाक. जुनी डिस्क तपासणीत ठीक निघाली तर साठवणीला ठेव, एरवी काढून टाक. मशीनमध्ये सगळ्यात मोठा फरक यानंच पडेल.

दुसरा खर्च तू यादीत धरलेलाच नाहीस: एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तो हलका डबा अजून तोच आहे ना? रेंडर लावल्यावर मशीन आपोआप रिस्टार्ट होतं म्हणतोस, त्यात मला आधी संशय येतो तो याचाच. प्रोसेसर तापूनही असं होतं, म्हणून आधी धूळ काढ, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट बदल आणि टेंपरेचर बघ. ते ठीक असेल तर एसएमपीएसच. कॅबिनेटची बाजू उघडून मदरबोर्डवरचे छोटे उभे कपॅसिटर टॉर्च लावून बघ. ज्यांच्या डोक्यावर खाचा असतात, त्यांचं डोकं सपाट हवं. फुगून वर आलं असेल किंवा तपकिरी चिकट डाग असेल, तर बोर्डही थकलाय, मला लगेच कळव. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याची खूण) लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा घे. तीन-साडेतीन हजारांच्या आसपास बसेल. इथे हात आखडता घेऊ नकोस, कारण हा बिघडला तर जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन जाऊ शकतो.

रॅमचं जरा गुंतागुंतीचं आहे. ८ जीबी तुला कमी पडतेय हे खरं. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघड. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क शंभरावर असेल, तर विंडोज रॅमचं ओझं डिस्कवर टाकतंय. एसएसडी बसली की हा त्रास बराच सुसह्य होईल, म्हणून रॅम दुसऱ्या नंबरालाही नको, तिसऱ्याला. आणि ती नवी कशाला? रॅममध्ये फिरणारं, झिजणारं काही नसतं. तुझ्या बोर्डला चालणाऱ्या डीडीआर४ प्रकारची, ८ जीबीची एक जुनी स्टिक घेऊन रिकाम्या स्लॉटमध्ये लाव. दोन स्टिक जोडीनं चालल्या की वेगही वाढतो. तुझा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर साध्या बोर्डवर २६६६ या वेगाच्या वर रॅम चालवत नाही, ३२००चे जास्त पैसे देऊ नकोस. घेताना परत करायची बोली ठेव आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लाव. एकही एरर आली तर सकाळी परत. प्रोसेसरही जुना चालतो. जुनी हार्ड डिस्क आणि जुना एसएमपीएस मात्र कुणी फुकट दिला तरी नको.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून मित्र नवा बोर्ड घ्यायला सांगताहेत. गरज नाही. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी चालते. ‘टीपीएम नाही’ असा मेसेज येतो तो बहुधा बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, ही सुरक्षेची सोय बंद असल्यामुळे. इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात. ते चालू कर, खर्च शून्य. तुझा प्रोसेसर सातव्या पिढीचा असता तर माझा सल्ला वेगळा असता, त्या मशीनवर मी रुपयाही घातला नसता. आता नवा बोर्ड म्हणजे बहुतेक डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा, म्हणजे आजच्या भावानं रॅमही नवी. तो विचार डिग्री झाल्यावर.

ग्राफिक कार्ड नको. ऑटोकॅडची टूडी ड्रॉइंग्ज त्याच्यावाचून अडत नाहीत. तुला ते गेमसाठी हवंय हे मला कळतं आणि त्यात काही वाईट नाही. पण आताच्या एसएमपीएसवर ते चालवशील तर आहे तेही जाईल.

एसएसडी आणि एसएमपीएस तिथे पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानांत विचारून घे. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर आणि वॉरंटी भारतातली. मागे एका दुकानदारानं मला ‘इम्पोर्टेड आहे, दोनशे कमी द्या’ म्हणून डिस्क दिली होती. बिघडल्यावर सर्व्हिस सेंटरनं नंबर बघूनच परत पाठवली. रॅमसाठी थांब. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, इंदूरला येशील ना, तेव्हा इथल्या सिल्व्हर मॉलमध्ये माझ्या ओळखीच्या माणसाकडे जाऊ. तो वापरलेली रॅम समोर तपासून देतो. येताना सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो काढून आण, म्हणजे जोडीला जोड बघता येईल.

क्रिस्टलडिस्कइन्फोचा रंग काय आला ते आज झोपण्याआधी कळव.

तुझी,
आई