आई, बाबा, आता तुमच्या शाळेचं सांगा

ठाणे,
१८ जानेवारी २०२६

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. नमस्कार.

फोन होतोच आपला, पण बाबांना हल्ली फोनवरचं नीट ऐकू येत नाही. मग "बरं आहे, बरं आहे" एवढ्यावर बोलणं आटोपतं. म्हणून आज रविवार बघून पत्र लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबा, तुम्हीच वाचा आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा. शुद्धलेखन चुकलेलं दिसलं तर पूर्वीसारखी खूण करून ठेवा, आल्यावर बघेन.

येत्या जूनअखेर मी निवृत्त होणार. पेन्शनच्या कागदांसाठी जन्मतारखेचा पुरावा मागितला, म्हणून कपाटातून शाळा सोडल्याचा दाखला काढला. घडीवर विरलाय, मागून चिकटपट्टी लावलेली आहे. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचं कारण एस.एस.सी. उत्तीर्ण. साल १९८४. बाबांचं नाव आहे, जात-धर्म आहे, जन्मगाव वाई आहे. आई, तुझं नाव कुठंच नाही. तेव्हा तसा रकानाच नव्हता. कागद स्कॅन करून दिला, पण नंतर किती तरी दिवस शाळाच डोक्यात होती. कालचं काही आठवायला जोर लावावा लागतो अशा वयात मी आलेय, पण पाचवी-सहावीतलं सगळं आपण होऊन येतं. आणि गंमत म्हणजे त्यातलं निम्मंअधिक शाळेतलं नाहीच. ते आपल्या घरातलं आणि घाटावरचं आहे.

माझ्या रफ वह्या तुम्हाला आठवतात का, बाबा? छापखान्यात वाया गेलेले पाठकोरे कागद तुम्ही साठवून आणायचात. आई ते सारखे करून मधोमध सुईदोऱ्यानं शिवायची आणि वर खाकी कागद घालायची. एका बाजूला माझी गणितं आणि उलटल्यावर कुणाची तरी लग्नपत्रिका, नाही तर कृष्णाबाईच्या, म्हणजे आपल्या कृष्णा नदीच्या, उत्सवाचं पत्रक. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, कुठल्या घाटावर उत्सव कधी, कीर्तन कुणाचं, प्रसाद किती वाजता. घाटांची नावं मला कुणी शिकवली नाहीत, त्रैराशिकं सोडवता सोडवता ती पाठ झाली. वर्गात काही जणींकडे दुकानातल्या दुरेघी, चौरेघी कोऱ्या वह्या होत्या. पण मधल्या सुट्टीत मैत्रिणी वाचायला मागायच्या त्या माझ्या वह्या, कारण मागच्या बाजूला रोज नवीन काही तरी असायचं.

आणि इंग्रजी! आम्हाला इंग्रजी पाचवीत लागलं. बाईंनी फळ्यावर ए, बी, सी काढायच्या आधीच मला ती अक्षरं ओळखीची होती, पण उलटी. त्या मे महिन्यात दुपारी डबा घेऊन मी छापखान्यात यायचे आणि तुमचं खाऊन होईपर्यंत केसजवळच्या, म्हणजे अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांजवळच्या, स्टुलावर बसायचे. तुम्ही इंग्रजी शिकला नव्हतात, तरी लग्नपत्रिकेतलं 'बी. कॉम.' आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका बिनचूक जुळवायचात. एक दिवस तुम्ही छपाईच्या अक्षरांचे चार खिळे माझ्या तळहातावर ठेवलेत, बी, डी, पी आणि क्यू. म्हणालात, "ही चौघं सारखी दिसतात, पण फसवतात. यांचं पोट कुणीकडे आहे ते बोटानं बघ, डोळ्यानं नको." शिसं थंड होतं आणि त्याच्या मानानं जड. मी अंगठा फिरवून फिरवून पोट शोधत राहिले. आज संगणकावर लिहितानाही 'डी' टाइप करताना कधी कधी अंगठ्याला ते जाणवतं. खोटं नाही सांगत.

काम झाल्यावर प्रत्येक खिळा परत त्याच्या त्याच्या खणात टाकायचा, काना कान्याच्या खणात, वेलांटी वेलांटीच्या. तुम्ही ते न बघता करायचात. एवढी वर्षं कचेरीत फायली हाताळल्या, पण कामात नीट असणं म्हणजे काय ते मला त्या खणांवरूनच कळलं होतं. संध्याकाळी रॉकेलनं बोटं पुसून, मग साबणानं धुऊन तुम्ही आमच्या अभ्यासाला बसायचात, तरी नखांच्या कडेला काळं राहायचंच. माझ्या निबंधावर त्या बोटांनी ऱ्हस्व-दीर्घ दाखवायचात. मराठीच्या बाई म्हणायच्या की हिच्या वहीत मला काम उरत नाही.

१९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तेव्हा मी तिसरीत होते. 'अंक'पासून 'आतुरचिकित्सा'पर्यंत. तो आपल्या वाईत, गंगापुरीतल्या कचेरीत तयार झालाय याचा तुम्हाला केवढा अभिमान! तुमचा त्या कामाशी संबंध नव्हता, तरी तो खंड दाखवायला तुम्ही मला टिळक ग्रंथालयात नेलंत. वाचायचं तर मला काही कळण्यासारखं नव्हतं. तुम्ही पानाला हात न लावता नुसते ओळी बघत होतात, समास किती सोडलाय, शब्द कुठं तोडलाय. परत येताना म्हणालात, विश्वकोशाचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या गावात राहतात, एवढी मोठी माणसं इथं बसून काम करतात, तेव्हा गाव लहान आहे असं कधी म्हणायचं नाही. मी ते कधी म्हटलं नाही. मुंबई-ठाण्यात इतकी वर्षं काढली, पण 'गाव कुठलं' असं विचारल्यावर आवाज अजून चढतो माझा.

ग्रहणाची गोष्ट मी माझ्या मुलांना इतक्यांदा सांगितली की आता ती मलाच सांगतात. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. कर्नाटकात खग्रास होतं आणि आपल्याकडे खंडग्रास, पण बराच मोठा भाग झाकणार होता. रस्ते ओस पडले होते. आजीनं दूध-पिठात तुळशीची पानं टाकून दारं लावून घेतली होती. आणि बाबा, तुम्ही मला हळूच म्हणालात, "सूर्याकडे बघायचं नाही, पण बघायला मिळेल. चल." आपण गणपती घाटावर गेलो. वडाखाली पायऱ्यांवर पानांच्या फटींतून रोज उन्हाचे गोल ठिपके पडतात, त्या दुपारी प्रत्येक ठिपका चंद्रकोर झाला होता. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून, दगडावर हलत होत्या. तुम्ही दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आडवी धरलीत आणि माझ्या फ्रॉकवर पण कोरी पाडून दाखवल्यात. सोमवारी शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं की पानांमधली प्रत्येक फट म्हणजे सूचिछिद्र कॅमेरा. मी हात वर करून म्हटलं, "बाई, मी बघितलंय." वर्गात त्या दिवशी दुसरं कुणीच बघितलं नव्हतं. सातवी पास माणसाला हे कसं माहीत होतं? छापखान्यात कुठला मजकूर जुळवताना वाचलंत का? हे तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही.

पुराचं तर काय बोलावं. आषाढात कृष्णा घाट चढून ढोल्या गणपतीच्या देवळापाशी आली की शाळेला सुट्टी मिळायची. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का, तर पुराचं पाणी दुभंगून दोन अंगांनी जावं म्हणून. १७६२ मध्ये सरदार रास्त्यांनी देऊळ बांधलं तेव्हाचा हा विचार. भूगोलाच्या बाईंनी ते आम्हाला पुस्तकातून नाही, छत्र्या घेऊन पुलावर उभं करून दाखवलं होतं.

आता आई, तुझ्याकडे येते. बाबांचंच पुराण झालं म्हणून रागावली नाहीस ना?

तू चौथी शिकलेली. पण आमचे पाढे घ्यायचं काम तुझं. तू चुलीपुढे भाकरी थापायचीस आणि आम्ही भिंतीला टेकून म्हणायचो. वीसपर्यंतचे, तिसापर्यंतचे पाढे सगळ्यांनाच येत होते. तू आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि वर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घातलीस. शाळेत ते कधीच बंद झालं होतं. मी कुरकुर केली की म्हणायचीस, "बाजारात कोणी पूर्ण माप घेत नाही. पाव न् अर्ध्याचाच हिशेब असतो." पाचवीत बाईंनी तोंडी गणित घातलं, साडेतीन मीटर कापड, मीटरला सात रुपये. बाकीच्या पाटीकडे बघतात तोवर मी म्हटलं, साडेचोवीस. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? "आईनं शिकवलं." त्या म्हणाल्या, आईला माझा नमस्कार सांग. मी घरी येऊन सांगितलं तर तू काही बोलली नाहीस. पण त्या रात्री वाघ्या घेवड्याच्या उसळीवर माझ्या वाटीत तूप जास्त होतं, एवढं मला पक्कं आठवतंय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तू हळदीच्या कामाला जायचीस. काहिलीत हळद शिजायला लागली की तो ओला, उग्र वास शाळेच्या खिडक्यांतून आत यायचा आणि मला वाटायचं, आई जवळच आहे. दहावीच्या परीक्षेलाही तो वास होता. मजुरीचा हिशेब करताना मुकादम तुला विचारायचा, हे तू नाही, बाबांनी सांगितलंय मला.

हे सगळं मनात घोळताना माझ्या ध्यानात आलं की माझ्या शाळेचं मला सगळं ठाऊक आहे, तुमच्या शाळांचं जवळजवळ काहीच नाही. माझ्याकडे निदान एक कागद आहे. आई, तुझ्याकडे तोही नाही. तुझी जन्मतारीख रेशनकार्डावर, आधारवर, सगळीकडे १ जून, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच लिहिली. तुमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची तीच तारीख. तुझी शाळा मारुतीच्या देवळात भरायची एवढं मी ऐकलंय, आणि ते देऊळ, ते गाव, तुझं माहेर, सगळं धोम धरणाच्या पाण्यात गेलं एवढंही. लहानपणी धरणावर सहल गेली तेव्हा तू डब्यात जास्तीची भाकरी दिलीस आणि म्हणालीस, पाण्यात टाक. मी टाकली. का टाकायची ते मला तेव्हा कळलं नाही.

तर माझं मागणं एवढंच. मला तुमच्या दोघांच्या शाळा लिहून काढायच्या आहेत. आई, तुला औटकी कुणी शिकवली? गुरुजी कुठून चालत यायचे? मुली किती होत्या, देवळात कुठं बसायच्या, पाटी पुसायला काय होतं? चौथीनंतर थांबवलं तेव्हा तू काय म्हणालीस? कुणी विचारलं तरी का तुला? बाबा, तुमची सातवीची फायनलची परीक्षा कुठं झाली, पेपरला कसे गेलात, आणि छापखान्यात पहिल्या दिवशी कुणी नेऊन उभं केलं? तुमचं पुढं शिकायचं मन होतं का? तुम्ही आमच्यासमोर हा विषय कधी काढला नाहीत आणि आम्ही पोरं आपापल्या परीक्षांत दंग होतो. आता मला वेळ आहे. तुम्हाला आठवतंय, तुम्ही सांगू शकता, तोवर मला हे सगळं हवंय. पेन्शनपेक्षा या गोष्टीची मला जास्त ओढ लागलीय.

मी शुक्रवारी, ३० तारखेला, सकाळच्या एसटीनं निघते. दुपारपर्यंत पोचेन, जेवायला थांबू नका. चांगली आठवडाभर रजा टाकलीय. जाड वही आणतेय, पाठकोरी नाही, दोन्ही बाजूंनी लिहिता येईल अशी. आई, तू सांग, मी लिहीन, आणि बाबा लगेच प्रूफ तपासतील. बाबांच्या कानाच्या यंत्राचे सेल पण इथून घेऊन येते, नंबर मागच्या वेळी लिहून घेतला होता. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर धाकट्याला सांगून ठेव, तो मला कळवेल. रात्री उठून एकटी मोरीकडे जाऊ नकोस, दिवा लावून जा.

आणि एक, रिक्षा ठरवून एक दिवस आपण तिघं धोमला जाऊ. गाव साधारण कुठं होतं, देऊळ कुणीकडे, नदी कुठून वळायची, ते तू काठावरून हातानं दाखव. मी नकाशा काढून घेईन.

तुमची,
थोरली