प्रदर्शनाच्या पासवर मेट्रो स्टेशन छापा

महोदय,

आमच्या यवतमाळकडची गॅरेजवर काम करणारी, आयटीआयमध्ये शिकणारी पोरं दिल्लीचं वाहन प्रदर्शन पाहायला जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांचा अर्धा दिवस पत्ता शोधण्यातच जातो.

जानेवारी २०२५ चं प्रदर्शन एका जागी नव्हतं. गाड्या भारत मंडपममध्ये, सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत आणि बांधकामाची यंत्रं थेट ग्रेटर नोएडाला. माझा पुतण्या सुटे भाग पाहायला निघाला, तर स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्यानं ‘तिकडे मेट्रो जातच नाही’ म्हणून सांगितलं अन् मनाला येईल ते भाडं घेतलं. खरं तर नवी दिल्ली स्टेशनाजवळून विमानतळाची मेट्रो सरळ यशोभूमीला जाते! भारत मंडपमसाठी ‘सुप्रीम कोर्ट’ स्टेशनावर उतरायचं. त्याचं आधीचं नाव प्रगती मैदान. ग्रेटर नोएडाचं जरा किचकट आहे. ब्लू लाईननं नोएडा सेक्टर ५२ ला उतरून सेक्टर ५१ पर्यंत चालत जायचं, मग अ‍ॅक्वा लाईननं नॉलेज पार्क २.

कापसाच्या चुकाऱ्यातून बापानं दिलेले पैसे रिक्षात का जावेत? आयोजकांनी प्रत्येक पासवर जवळचं स्टेशन ठळक छापावं. आयटीआयच्या गुरुजींनीही पोरं निघण्याआधी फळ्यावर हा नकाशा काढून दाखवावा.

– एक शेतकरी वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ