पेंढी, सरवा आणि तुझ्या गच्चीवरचा मांडव

नगर,
तुमच्या मांडवांच्या सणाचा तिसरा दिवस

प्रिय मित्रा,

तुला शालोम आणि माझा नेहमीचा सलाम. दोन्ही शब्द एकाच घरातले, हे तूच हॉस्टेलच्या मेसमध्ये सांगितलं होतंस. तेव्हापासून चर्चच्या दारात कुणाला सलाम केला की तू आठवतोस.

फोटो मिळाला. इस्राएलातल्या दिमोनाच्या त्या गच्चीवर फळ्यांचा मांडव, वर खजुराच्या झावळ्या, पोरांनी लावलेल्या कागदी साखळ्या आणि कोपऱ्यात आईंचा पोह्यांचा डबा. अलिबाग सुटलं तरी पोहे काही सुटले नाहीत तुमचे! पण फोटोखाली तू, यहुदी मित्राने, मला ख्रिस्त्याला विचारलंस, "आमचे सण तुम्ही लोक नेमके कशासाठी वापरता?" त्यातला 'वापरता' दोन दिवस टोचत राहिला. म्हणून फोनवर न बोलता लिहायला बसलो. लांबेल, सांभाळून घे.

योगायोग असा की या महिन्यात शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांना हाच विषय शिकवायचा आहे. (हो, तुमचा शब्बाथ शनिवारी, आमचा वर्ग रविवारी भरतो, तरी आम्ही त्याला शब्बाथ शाळाच म्हणतो. हसून घे.) हाताशी एक छापील तक्ता आहे. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायातले सात सण एका बाजूला, ख्रिस्ताचं चरित्र दुसऱ्या बाजूला. वल्हांडण (मिसरातून सुटकेचा सण) म्हणजे वधस्तंभ, बेखमीर भाकर म्हणजे कबर, पहिली पेंढी म्हणजे पुनरुत्थान, पन्नासावा दिवस म्हणजे पवित्र आत्मा. मग उन्हाळ्याची मोकळी जागा, ती मंडळीचा काळ म्हणायची. शेवटी कर्णे, प्रायश्चित्त आणि मांडव, हे तिन्ही ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यासाठी राखून ठेवलेले. रंगीत बाण, चौकोन, सगळं नीट बसतं. इतकं नीट की मला संशय येतो. शेतीशी संबंध आलेला माणूस असा तक्ता काढणार नाही. त्यात ना खळं आहे, ना पाऊस, ना उंदीर.

मला खरी गोडी लागली ती पेंढीपाशी. आमच्या मराठी बायबलात याजकाने ती पहिली पेंढी देवापुढे 'ओवाळावी' असं आहे. हिब्रूत नुसतं हलवणं-उचलणं असेल, ते तू सांग. पण मराठी कानाला 'ओवाळणं' म्हटलं की ताम्हण, निरांजन आणि बहीण दिसते. ज्या कुणी तो शब्द निवडला त्याला कणसाचा मान कळत होता. आणि तुमच्या मिश्नात, म्हणजे जुन्या नियमांच्या संग्रहात, त्या कापणीचं जे वर्णन आहे ते मी मुलांना नाटक करून दाखवलं. सणाचा पहिला दिवस संपल्यावर रात्री विळेवाले सातूच्या शेतात उभे राहतात, आसपासच्या गावांतली माणसं जमतात. "सूर्य मावळला का?" "मावळला!" "याच विळ्याने?" "याच विळ्याने!" "कापू?" "काप!" प्रत्येक प्रश्न तीन-तीनदा. मुलांनी छप्पर उडवलं.

एवढा गाजावाजा का, तर तिथीचं भांडण होतं. 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी' पेंढी आणायची, पण शब्बाथ कुठला? परूशी या यहुदी पंथाच्या परंपरेत तो सणाचा पहिला दिवस. त्यांच्या विरोधातल्या सदूकी पंथाच्या जवळचा गट म्हणे, आठवड्याचा शब्बाथ, म्हणजे पेंढी नेहमी रविवारी. आमच्या लोकांना अर्थातच रविवार आवडतो, कारण कबर रिकामी सापडली ती रविवारी. पण पौल करिंथकरांना लिहिताना ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हणतो तेव्हा त्याचा भर तिथीवर नाही, शेतावर आहे. पहिली पेंढी आणि मागचं उभं पीक एकाच मातीतलं. ती पिकली म्हणजे बाकीचंही पिकणार. एकट्या पेंढीला काही अर्थ नाही. हा अर्थ मला पटतो, कारण त्याला सातू सातूच राहावा लागतो.

पेंढीपासून मोजलेल्या पन्नासाव्या दिवशी तक्ता पुन्हा घाई करतो. त्या दिवशी गव्हाच्या दोन भाकरी आणायच्या, त्याही खमीर घातलेल्या. तक्ता म्हणतो, एक भाकर यहूदी, दुसरी परराष्ट्रीय, आणि खमीर म्हणजे दोघांतलं पाप. सुंदर आहे, पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात या भाकरींचं नावही नाही. तिथं आग आहे, वारा आहे, नाना भाषा आहेत आणि सुमारे 3000 माणसांचा बाप्तिस्मा आहे. सीनायपाशी लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हा सुमारे 3000 मेले होते, म्हणून प्रवचनांतून हे दोन आकडे समोरासमोर ठेवतात. तुमच्याकडे हा सण सीनाय डोंगरावर नियमशास्त्र मिळाल्याचाही, तेव्हा ही जोडणी निदान तुमच्याच ओसरीवरून निघते.

आणि आपल्याकडची गंमत बघ. तुमच्या देशात तेव्हा गहू कापून होतो, आभाळ कोरडं ठाक. आमचा पेंटेकॉस्ट, म्हणजे हाच पन्नासावा दिवस, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो, मृगाच्या आगेमागे. 'मी आपला आत्मा ओतीन' हे योएलचं वचन वाचताना अख्खी मंडळी खिडकीबाहेर ढग बघत असते. कापणीचा सण आमच्या हाती आला तो पेरणीचा होऊन. कुठल्याही तक्त्यात हे सापडणार नाही.

पण ज्यासाठी एवढं लिहितोय ती ओळ पुढे आहे. दोन भाकरींचं अर्पण सांगून झालं की, कर्ण्यांचा सण सुरू होण्याआधी, मध्येच 22 वं वचन येतं: शेताचे कोपरे साफ कापू नका, कापणीनंतर मागे पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. तक्ता ही ओळ ओलांडून जातो, कारण तिच्यात भाकीत नाही. माझ्या आजीला मात्र तीच ओळ पाठ होती. आजी नगर जिल्ह्यातल्या एका गावात दुसऱ्यांच्या रानात ज्वारीचा सरवा वेचायची, भुईमूग काढून झाला की मातीतल्या शेंगा उकरायची. कधी मालक बघून न बघितल्यासारखं करायचा, कधी ओटी रिकामी करायला लावायचा. बाप्तिस्मा झाल्यावर मिशनच्या बाईने तिला अक्षरं शिकवली आणि तिने स्वतः वाचलेलं पहिलं पुस्तक रूथचं. चारच अध्याय, म्हणून दिलं असेल. आजी म्हणायची, "ही तर मीच."

तुम्ही पन्नासाव्या दिवशी सभास्थानात रूथ वाचता हे मला फार उशिरा कळलं, तुझ्याच तोंडून. मग उघडून पाहिलं. रूथ बेथलेहेमात पोचते ती सातूच्या कापणीच्या आरंभी, आणि बवाजाच्या शेतात वेचते ती गव्हाची कापणी संपेपर्यंत. म्हणजे पेंढीपासून भाकरींपर्यंतचे जे आठवडे तुम्ही मोजता, त्याच हंगामात एक मवाबी बाई, परकी, विधवा, रानात वाकलेली आहे. पुढे ती दाविदाची पणजी होते, आणि मत्तय येशूच्या वंशावळीत तिचं नाव घेतो. आता तुझ्या 'वापरता'ला माझं उत्तर: काही जण वापरतात. बाकीचे आम्ही तुमच्या शेताच्या कडेला सरवा वेचणारे. पौलाने रोमकरांना रानटी जैतुनाची फांदी म्हणून बजावलंच होतं, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय.

हे विसरलं की काय होतं तेही मुलांना सांगितलं. 325 साली निकियाच्या परिषदेत ईस्टरची तारीख यहुदी पंचांगापासून तोडली. 386 मध्ये अंत्युखियातले ख्रिस्ती लोक तुमच्या कर्ण्यांच्या आणि मांडवांच्या सणाला आवडीने जात, तर ख्रिसोस्तोमसारख्या मोठ्या वक्त्याने व्यासपीठावरून असं काही सुनावलं की आज वाचतानाही मान खाली जाते. त्या साध्या माणसांना मांडवात बसावंसं वाटलं, एवढाच गुन्हा.

उलट आपल्या कोकणात काय झालं? तुझे आजोबा नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण अशी नावं घ्यायचे. नव्या धान्याची खीर, नारळाचं दूध. मग मुंबईत मिशनरी आले, बेने इस्राएल मुलं, म्हणजे तुमची कोकणी यहुदी मुलं, त्यांच्या शाळांत बसली, जॉन विल्सनने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. तुमचेच सण तुम्हाला आमच्या लोकांच्या मराठी बायबलातून पुन्हा भेटले! तेव्हा कुणी कुणाच्या शेतात वेचलं याचा हिशोब मी मांडत नाही. खीर मात्र बंद पडायला नको होती.

मांडवाबद्दल थोडं. तक्त्यात हा चौकोन 'अजून पूर्ण व्हायचा' म्हणून रिकामा आहे, आणि मला तो रिकामाच बरा वाटतो. योहानाने आपल्या शुभवर्तमानात मात्र त्या सणाचा नेमका प्रसंग धरलाय. यरुशलेमच्या मंदिरात रोज सकाळी शिलोह तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी आणून वेदीवर ओतायचे. पुढे पावसाळा यायचा, त्याची ती मागणी. आणि सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो, तहान लागली असेल त्याने माझ्याकडे यावं. तहान म्हणजे काय हे दुष्काळी तालुक्यात समजावून सांगावं लागत नाही. रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच दीपस्तंभ लावत, वाती याजकांच्या फाटक्या विजारी आणि कमरपट्ट्यांच्या. 'मी जगाचा प्रकाश आहे' हे वचन मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्या जुन्या विजारी कळल्यापासून ते जास्त उजळ वाटतं.

अजून एक. ईस्टरच्या आधीच्या आमच्या झावळ्यांच्या रविवारी मुलं 'होसान्ना' ओरडत फिरतात. झावळ्या आणि तो शब्द दोन्ही तुमच्या मांडवातले, आम्ही ते वसंतात आणून लावले. आणि तू हातात धरलेलं ते पिवळं खरबरीत फळ, एत्रोग, ते आपलं महाळुंगच ना? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही तेच आहे. आईंना सांग, त्या हसतील.

आमचा हंगामाचा सण पुढच्या महिन्यात. बाजरीची कणसं, भोपळे, एखादी कोंबडी, मग लिलाव. यंदा मुलांनी ठरवलंय की एक पाटी लिलावात घालायची नाही, फाटकाशी ठेवून द्यायची. कोण नेतं ते बघायलाही उभं राहायचं नाही. कल्पना त्यांची. कमिटीतले एक काका कुरकुरताहेत, बघू.

मांडवाच्या छतातून तारे दिसायला हवेत, असं तू मागे म्हणाला होतास. फोटोत झावळ्या फार दाट दिसतात रे. दिसतात का तारे? की आईंनी थंडीच्या भीतीने जास्त घातल्यात?

तुझाच,
हॉस्टेलचा रूम नंबर सात