विद्यार्थ्यांचे घर जिन्याखाली नको, जोत्यावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या भागातील एका महाविद्यालयात नुकतेच ‘कमी ऊर्जेवर चालणारे घर’ या विषयावरील विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचे प्रदर्शन भरले होते. पुतणीचा गट त्यात होता म्हणून गेलो. पण शासकीय बांधकामाच्या नोकरीत शाखा अभियंता म्हणून बत्तीस वर्षे काढलेली असल्याने पाच मिनिटांसाठी गेलेला मी दोन तास तिथेच रेंगाळलो.

पुतणीच्या गटाने सनबोर्डची दोन खोल्यांची प्रतिकृती केली होती. दालनातले दिवे मालवून तिने मोबाइलचा टॉर्च तिच्याभोवती सूर्यासारखा फिरवला. डिसेंबरात भर दुपारी सांगलीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर असतो. तेव्हा ऊन छज्जाखालून बैठकीच्या खोलीत शिरले. मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा त्याच छज्जाने खिडकी सावलीत घेतली. मग टॉर्च पश्चिमेकडे खाली आणत ती म्हणाली, “काका, आता चार वाजले,” आणि उजेडाची तिरीप छज्जाला न जुमानता पार आतल्या भिंतीवर जाऊन पडली. त्या बाजूला मुलांनी झोपायची खोली न ठेवता जिना, न्हाणीघर आणि धान्याची कोठी ठेवली होती. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी नकाशांत, रस्ता तिकडे आहे एवढ्याच कारणाने, पश्चिमेला झोपायची खोली असे आणि मी त्यावर कधी साधा शेराही मारला नाही. सोबत आलेल्या माझ्या आईने मात्र छतावरची सौर पॅनेलची रांग पाहून विचारले, “आणि कुरडया वाळवायच्या कुठे?” मुले निरुत्तर झाली. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत तो रकाना नसावा.

आठ दिवसांनी काही कामासाठी पुन्हा तिथे गेलो, तर तीच प्रतिकृती जिन्याखाली मोडक्या बाकांवर उलटी पडलेली दिसली. दोष कोणा एकाचा म्हणून हे सांगत नाही. स्पर्धा चित्रफलक आणि प्रतिकृती यांच्यावरच संपते, तेव्हा बक्षीस वाटून झाल्यावर त्या सामानाचे दुसरे काय होणार?

अशा स्पर्धांचा पायंडा पाडणाऱ्या अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची रीत वेगळी होती. २००२ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिली ‘सोलर डेकॅथलॉन’ झाली, तेव्हा १४ विद्यार्थी-गटांनी तिथे खरीखुरी घरे उभी केली होती. कसोट्या दहा, आणि त्या घरात संसार चालतो का हे पाहणाऱ्या : ठरलेल्या वेळात पुरेसे गरम पाणी मिळते का, फ्रीज चालतो का, खोलीचे तापमान ठरावीक मर्यादेत राहते का. पुढच्या स्पर्धांत तर विद्यार्थ्यांना त्याच घरात स्वयंपाक करून शेजारच्या गटाला जेवायला बोलवावे लागे. २०११ पासून परवडण्याचीही कसोटी आली. २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे झालेल्या युरोपीय स्पर्धेत आयआयटी मुंबईच्या ‘टीम शून्य’ने घर उभारले होते. २०२०-२१ पासून भारतातही ही स्पर्धा भरते आणि तीत विद्यार्थ्यांना प्रत्यक्षातला एखादा बांधकाम प्रकल्प हाताशी धरून काम करावे लागते. आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांनी उचलायचे असेल तर नेमके हेच उचलावे.

उष्णतेचा प्रश्न आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पाहिला आहे. खटाव तालुक्यातील आमच्या गावच्या घराला पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, होते. मे महिन्यात आत माजघरात दुपारी झोप लागत असे. तरीही १९९३ साली मीच पुढाकार घेऊन ते माळवद उतरवले आणि स्लॅब टाकला, कारण दर पावसाळ्यापूर्वी वर माती ओढायची आणि तरीही आत भांडी मांडायची, याला घरातल्या बायका विटल्या होत्या. वर विंचवांची भीती. त्यामुळे जुन्या घरांचे गोडवे मी गाणार नाही. पण हेही खरे की, एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता स्टुलावर चढून त्या स्लॅबला खालून हात लावला, तर तो तव्यासारखा लागतो. दिवसभर खाल्लेले ऊन तो आपण अंथरुणावर पडल्यावर परत करतो. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको-निवास संहिते’ने छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर, दर चौरस मीटरला आणि आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे, १.२ वॅटची मर्यादा घातली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या दुपटीहून बरीच अधिक उष्णता येते. अशा तापलेल्या छतावर अनुदानातून सौर पॅनेल बसवायचे आणि ती वीज खाली वातानुकूलन यंत्रात घालवायची, हा भोक पडलेला रांजण भरण्याचा प्रकार झाला.

उपाय सगळीकडे एकच असणार नाही, आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला खरी जागा इथेच आहे. जत-आटपाडीत जाड भिंत आणि पांढरे छत पुरेल. सांगलीवाडीत २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिल्यानंतर मातीच्या भिंतीचे नाव कोणी काढणार नाही; तिथे आधी जोते उंच हवे. पाटणकडे उन्हापेक्षा ओल भारी.

माझी सूचना मर्यादित आहे. ग्रामीण घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट भागात केंद्राच्या निकषानुसार १ लाख २० हजार रुपये मूळ अनुदान मिळते. सांगलीचे १९४७ पासूनचे वालचंद महाविद्यालय, कराडचे १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील इतर अभियांत्रिकी व वास्तुरचना महाविद्यालये यांना जिल्हा परिषदांनी दरवर्षी एकेक मंजूर घरकुल, लाभार्थीच्या संमतीने, स्पर्धेचा विषय म्हणून द्यावे. पैसा तेवढाच, गवंडी गावातलाच. रॅट-ट्रॅप पद्धतीने वीट उभी रचून भिंतीत पोकळी ठेवली तर विटा सुमारे चतुर्थांशाने वाचतात. त्या पैशात स्लॅबवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर, पश्चिमेला सावली आणि ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा पंखा बसेल की नाही, हे मुलांनी हिशेबाने दाखवावे. शेजारी नेहमीच्या पद्धतीचे घरकुल असले की दोन्हींत तापमापक टांगून आणि वीजमीटरचे आकडे टिपून वर्षभराने निकाल लावावा. परीक्षकांत त्या घरात राहणारी बाई असलीच पाहिजे. कुरडयांचा प्रश्न तीच विचारील.

अनुदानाच्या घरावर विद्यार्थ्यांचे प्रयोग का, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणून पायाभरणी, स्लॅबची जाडी, लोखंड यांना हात लावू देऊ नये. प्रयोग फक्त दिशा, सावली, भिंतीची रचना आणि छतावरचा थर यांपुरता ठेवावा.

जिल्हा परिषदांच्या मंजुरीला वेळ लागेल, तोवर सुरुवात म्हणून खटावातले आमचे घर मी देऊ करतो. एकाच स्लॅबखाली सारख्या आकाराच्या दोन खोल्या आहेत. एकीवर वाटेल तो थर द्यावा, दुसरी आहे तशी राहू द्यावी. घराची किल्ली माझ्याकडेच असते. फक्त मुलांनी फेब्रुवारीच्या आत यावे, कारण मोजण्यासारखे जे काही आहे ते तिथे एप्रिल-मेमध्येच सापडेल.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
विश्रामबाग, सांगली